‘मनाचं आहे’ म्हणता, मग मनाचा उपचार कुठं करता?

पुतण्याची दवाखान्याची फाईल परवा दुकानातल्या काट्यावर ठेवली. बियाणं मोजायचा काटा आहे, खोटं बोलत नाही. एक किलो दोनशे ग्रॅम भरली.

आत काय आहे? चार सोनोग्राफी. दोनदा तोंडातून दुर्बीण, एकदा खालून. एक सीटी स्कॅन. रक्ताचे, लघवीचे, संडासचे रिपोर्ट किती ते मोजायचा कंटाळा आला. करमाळा, बार्शी, सोलापूर, पुणे अशा चार गावांचे कागद, आणि सगळ्यांच्या तळाशी शब्द एकच, नॉर्मल. चार वर्षं आणि एक लाख चाळीस हजार रुपये घालून आमच्या घरानं हा एक शब्द विकत घेतला.

शेवटच्या डॉक्टरांनी फाईल चाळली, बाजूला सरकवली आणि म्हणाले, “काही नाहीये रे तुला. मनाचं आहे. टेन्शन घेऊ नकोस.” तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा नाही.

नाव-गाव सांगणार नाही. ते काही वाईट डॉक्टर नाहीत, आणि हे वाक्य ते एकटेच म्हणतात असंही नाही. दुकानात बसून माणसं ऐकायचा माझा धंदा आहे. खत घ्यायला आलेला शेतकरी पंधरा मिनिटं खताचं बोलतो आणि पाच मिनिटं दुखण्याचं. ‘पोटाचं सगळं तपासलं, काही निघालं नाही, मनाचं आहे म्हणाले’ हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय याला हिशेब नाही. माझं भांडण या वाक्याशी आहे. वाक्य चुकीचं आहे असं नाही. अर्धं आहे. आणि अर्धं सोडून माणसाला घरी पाठवणं याला मी उपचार म्हणणार नाही.

आधी पोराचं सांगतो. त्याला विचारून लिहितोय, ‘लिहा तात्या, नाव तेवढं टाकू नका’ म्हणाला.

पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा करत होता. तालुक्यातली निम्मी पोरं करतात तेच. एका पावसाळ्यात जोरात जुलाब झाले, सलाईन लागलं, आठवड्यात बरा झाला. झाला असं आम्हाला वाटलं. त्यानंतर पोट जागेवर आलंच नाही. सकाळी तीन-चारदा संडासला जायचं, तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. जेवलं की मुरडा. गेल्यावर जरा बरं, परत तेच. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला पहिल्या पेपरात चाळीसाव्या मिनिटाला उठला. पर्यवेक्षकांनी सोडलं, पण परत येईपर्यंत वेळ गेला आणि धीरही गेला. पुढच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारपासून जेवलाच नाही, पोट रिकामं असेल तर काही होणार नाही म्हणून. तरी झालं. तिसऱ्या वर्षी फॉर्म भरला नाही.

घरी आला. आता बघा त्याचं जगणं कसं झालं होतं. लग्नाला येत नाही. आला तर जेवत नाही. एसटीत बसला तर दाराजवळची सीट, आणि गाडी भिगवणला किती मिनिटं थांबते हे कंडक्टरपेक्षा यालाच पाठ. कोणत्या पेट्रोल पंपावरचं संडास उघडं असतं आणि कुठल्याला कुलूप असतं, सगळा नकाशा डोक्यात. सव्वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात एवढंच राहिलं होतं.

आणि आम्ही काय केलं? वहिनींनी उतारा टाकला. थोरल्या बंधूंनी चूर्णाचे डबे आणले. आणि मी, जो आज इथं मोठा शहाणपणा शिकवतोय, मी त्याला चार माणसांत म्हणालो होतो, “अभ्यास झेपला नाही की पोटं दुखायला लागतात.” तो काही बोलला नाही, उठून आत गेला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यानं माझ्याशी पोटाचा विषय काढला नाही. म्हणजे डॉक्टरांनी दोन मिनिटांत जे केलं ते मी दोन सेकंदांत केलं होतं.

या दुखण्याला आयबीएस म्हणतात. इरिटेबल बाउल सिंड्रोम. मराठीत एक ठरलेलं नाव नाही, कुणी मुरडा म्हणतं, कुणी जुनी आव, वैद्य संग्रहणी म्हणतात, आणि बहुतेक जण ‘गॅस’ म्हणून मोकळे होतात. पण वैद्यकात याची व्याख्या नीट ठरलेली आहे. रोम निकष म्हणतात त्याला, २०१६ साली त्याची चौथी आवृत्ती आली. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटदुखी, त्या दुखण्याचा संडासशी संबंध, संडासला जाण्याची संख्या बदललेली, स्वरूप बदललेलं; या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी हव्यात आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले हवेत. म्हणजे ‘काहीच सापडलं नाही म्हणून आयबीएस’ असं नाही. लक्षणं विचारून, थोड्या तपासण्या करून हे निदान ठामपणे करता येतं. एक किलो दोनशे ग्रॅम कागद लागत नाहीत.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या कुणी माझ्या पोस्टवर विसंबून घरी बसेल. संडासवाटे रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, ताप येत असेल, रक्त कमी झालं असेल, झोपेतून उठून जावं लागत असेल, पन्नाशीनंतर हा त्रास नव्यानं सुरू झाला असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तपासण्या करायच्याच. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे. तिथं ‘मनाचं असेल’ म्हणून थांबायचं नाही. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे ज्यांच्यात यातलं काही नाही, एकदा नीट तपासून झालंय, आणि तरी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तीच सोनोग्राफी चाललीय.

आता ‘मनाचं’ म्हणजे काय ते बघू.

आपल्या आज्या-पणज्यांना हे डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. पोटात गोळा येतो म्हणतो आपण, छातीत गोळा आला असं कुणी म्हणत नाही. भीतीनं पोटात कालवतं. दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. गुपित पोटात ठेवतो, चुका पोटात घालतो. भाषेला कळलेलं आहे की पोट ही नुसती अन्न दळायची गिरणी नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं आहे आणि त्याची मेंदूशी दिवसरात्र ये-जा चालू असते. आयबीएसमध्ये बिघाड असतो तो या ये-जा करण्यात. १९७३ सालचा एक साधा प्रयोग आहे. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या आतड्यात छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवला. जेवढ्या फुग्याला निरोगी माणसांतल्या अगदी थोड्यांना दुखलं, तेवढ्याच फुग्याला आयबीएसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना दुखलं. फुगा तोच. म्हणजे दुखणं खरं होतं. भोंग्याचा आवाज वाढवून ठेवलाय आणि रेकॉर्ड तीच आहे, असं समजा. सोनोग्राफीत रेकॉर्ड दिसते. भोंगा दिसत नाही.

आणि हा भोंगा वाढतो कशानं? एक कारण आमच्या पोरासारखं. जोराचा जुलाब होऊन गेला की साधारण दहातल्या एकाला पुढं आयबीएस लागतो असं दिसतं. कॅनडात वॉकर्टन नावाचं गाव आहे, आपल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात जंतू गेले. सात माणसं मेली, दोन हजारांवर आजारी पडली. तिथल्या लोकांचा पुढं आठ वर्षं पाठपुरावा झाला, आणि आठ वर्षांनंतरही आजारी पडलेल्यांपैकी साधारण १५ टक्क्यांना आयबीएस होता. ज्यांना आधीपासून चिंता-नैराश्याचा त्रास होता त्यांना धोका जास्त. आता उजनीच्या काठावर राहणाऱ्या माणसानं हे वाचून काय समजायचं? पुण्या-पिंपरीची गटारं घेऊन भीमा आपल्या दारात येते, पावसाळ्यात घरोघरी पोटं बिघडतात, आणि जुलाब थांबला की आपण विषय संपला म्हणतो. वॉकर्टननं आपली माणसं आठ वर्षं मोजली. आपल्याकडं आठव्या दिवशी नोंद बंद होते.

म्हणजे पोट आणि मन हे दोन वेगळे खटले नाहीत, एकच खटला आहे. मग डॉक्टर ‘मनाचं आहे’ म्हणाले तर राग कशाचा? राग याचा की ते वाक्य बोलून फाईल बंद होते. हाड मोडलंय असं सांगून कुणी ‘आता जा घरी, मोडून घेऊ नकोस’ म्हणतं का? साखर वाढलीय सांगून ‘वाढवून घेऊ नकोस’ म्हणतं का? मग मनाचं आहे सांगून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा कुठला उपचार झाला?

आणि उपचार नाहीत म्हणून असं होतं, तर तसंही नाही. चाळीस वर्षांपूर्वीपासून आहेत. १९८४ साली मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी ज्यांना कशानंच गुण येत नव्हता अशा तीस रुग्णांवर संमोहन उपचाराचा प्रयोग केला आणि तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. संमोहन म्हटल्यावर हसू नका, जत्रेतला खेळ नव्हे तो. आतड्याची हालचाल शांत होतेय अशी कल्पना मनात पक्की करण्याचं प्रशिक्षण ते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेची मार्गदर्शक सूचना २००८ सालची आहे: वर्षभर औषधं देऊनही गुण नसेल तर रुग्णाला मानसोपचारासाठी पाठवण्याचा विचार करा.

सगळ्यात कामाची गोष्ट २०१९ ची. इंग्लंडमध्येच ५५८ रुग्ण घेतले, सगळे औषधांना दाद न देणारे. एका गटाला नेहमीचे उपचार, एका गटाला त्याबरोबर इंटरनेटवरून मानसोपचार, एका गटाला फोनवरून. फोनवरून! सगळं मिळून आठ तासांचं बोलणं. दोन वर्षांनी बघितलं तर फोनवाल्या गटात ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यातल्या ७१ टक्के लोकांना ठळक फरक पडलेला होता, नेहमीच्या उपचारवाल्यांत ४६ टक्क्यांना.

करमाळ्यातल्या माणसानं हा आकडा दोनदा वाचावा. कारण आपल्याला कायम एकच सांगितलं जातं, तालुक्याला तज्ज्ञ येत नाहीत, सोलापूरला जा. सोलापूर इथून एसटीनं तीन तास, आणि ज्याला अर्ध्या तासाला संडासला जावं लागतं त्याला तुम्ही तीन तास एसटीत बसायला सांगताय. उपचाराला जायचं तर आधी बरं व्हावं लागतं, अशी ही तऱ्हा. इथं तर उपचारच फोनवरून चालतो असं सिद्ध झालंय. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. रिंग वाजवणारं पलीकडं कुणी नाही.

औषधाचंही ऐका. अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. नैराश्यासाठी जेवढी देतात त्याच्या कितीतरी कमी मात्रेत ती पोटाच्या या मज्जातंतूंवर काम करते. २०२३ साली ४६३ रुग्णांवरचा अभ्यास आला, गोळी देणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, साधे फॅमिली डॉक्टर होते, आणि गुण आला. आपल्याकडे ही चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलं की काय होतं माहितीये? कुणीतरी सांगतं, ‘ही डोक्याची गोळी आहे, कशाला घेता.’ आमच्या पोरालाही एकानं सांगितलं. घरी येऊन पाकीट तसंच ठेवलं. डॉक्टरांनीही ती गोळी का देतोय हे एका वाक्यात सांगितलं असतं तर घेतली असती. (स्वतःच्या मनानं मेडिकलवरून आणू नका, हृदयाचा, काचबिंदूचा त्रास असलेल्यांना ही चालत नाही.) इसबगोलही कामाचं आहे, त्यासाठी टीव्हीवरच्या चूर्णवाल्यांना पैसे द्यायची गरज नाही. ज्वारीची भाकरी कित्येकांना गव्हाच्या चपातीपेक्षा सोसते, हे मालदांडीच्या मुलखात मी वेगळं काय सांगू.

पण गोळी आणि भाकरी यांच्या पुढचा जो भाग आहे, तोलून मापून विचारायचा, त्यावर आपल्याकडे सगळे मुके.

मानसिक तपासणी म्हटलं की लोकांना येरवडा आठवतो. प्रत्यक्षात ती काय असते? झोप कशी आहे. दुखायला लागलं की डोक्यात पहिला विचार काय येतो. पोटामुळं काय काय करायचं सोडलंय. त्रास सुरू झाला तेव्हा घरात काय चाललं होतं. कर्ज आहे का. मरावंसं वाटतं का. अर्धा तास, एक छापील प्रश्नावली आणि ऐकणारा माणूस. यंत्र नाही, वीज नाही, फिल्म नाही. कदाचित म्हणूनच होत नाही. कशाचं बिल लावणार?

बायकांच्या बाबतीत तर हे न विचारणं म्हणजे गुन्हा आहे. १९९० साली अमेरिकेत पोटविकाराच्या मोठ्या दवाखान्यात आलेल्या २०६ बायकांना विश्वासात घेऊन विचारलं गेलं. ४४ टक्के बायकांनी लहानपणी किंवा मोठेपणी लैंगिक अत्याचार किंवा मारहाण सोसल्याचं सांगितलं. आणि त्यांच्यातल्या जेमतेम १७ टक्के जणींनी ते आपल्या डॉक्टरला सांगितलेलं होतं. ही अमेरिका. आपल्याकडे बाई डॉक्टरच्या केबिनमध्ये एकटी जातच नाही. सासू बरोबर, नाहीतर नवरा. “काय होतंय?” हा प्रश्न बाईला विचारतात आणि उत्तर सासू देते. सगळ्यांच्या पोटदुखीमागं अत्याचार असतो असं अजिबात नाही, तसं कुणी समजू नये. पण ज्यांच्यामागं असतो त्यांना विचारणार कोण? त्यांच्या नशिबी दर दोन महिन्यांनी ‘गॅसचं इंजेक्शन’.

आता सरकार.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम १८ नं मानसिक आरोग्य सेवा हा हक्क केलाय, आणि ही सेवा प्राथमिक केंद्रापासून वरपर्यंत सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळा असं स्पष्ट लिहिलंय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच्याही आधीचा, १९९६ पासूनचा. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, समाजसेवक आहेत. कागद भरलेला आहे. टेलिमानस नावाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, १४४१६ नंबर, चोवीस तास, मराठीतही. चांगली गोष्ट आहे, नंबर सेव्ह करून ठेवा. पण ती प्रामुख्यानं संकटात सापडलेल्याला आधार द्यायला काढलेली आहे. त्याच तारेवरून आयबीएसच्या रुग्णाला ठरवून आठ भेटी द्यायला कितीसं लागतं? माणसं लागतात, प्रशिक्षण लागतं. मशीन नको, इमारत नको, उद्घाटनाचा नारळ नको. नारळ नाही म्हणूनच बहुधा अडलंय.

आशाताईंचं बघा. तीस वर्षांपुढच्या माणसांचा जो फॉर्म त्या घरोघरी भरतात, त्यात दोन प्रश्न मनाचे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं झालं का, उदास-निराश वाटलं का. म्हणजे प्रश्न विचारायची सोय सरकारनं केलेली आहे. कुणी ‘हो’ म्हणालं तर पुढं काय? आमच्या गल्लीत फॉर्म भरणाऱ्या ताईंना मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “दादा, तेवढ्यापुरतं सगळे ‘नाही’च म्हणतात, सासरा समोर बसलेला असतो.” आणि माझा पुतण्या तर सव्वीसचा, त्याला हे दोन प्रश्नसुद्धा लागू नाहीत.

पैशाचं बोलू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ज्यांचं ऑपरेशन त्यातून झालं त्यांच्यासाठी ते देवच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ते दाखल झालेल्या रुग्णासाठी. समोर बसून बोलायच्या उपचाराला त्यात जागा नाही. पोट फाडायचं असेल तर सरकार पैसे भरतं, पोटाचं ऐकायचं असेल तर आपले आपण.

आयबीएसचा रुग्ण म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी. पोटाचे डॉक्टर म्हणतात मनाचं, तिकडं जा. मनाच्या डॉक्टरकडे गेला तर तिथं आत्महत्येच्या, दारूच्या, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची रांग, लाखामागं एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही अशा देशात त्यांनी याच्या मुरड्याला तास कुठून द्यायचा? ते म्हणतात, पोट एकदा परत दाखवून घ्या. परत सोनोग्राफी.

कमेंटमध्ये काय येणार हे मला माहीत आहे. “इथं साप चावल्यावर वेळेत उपचार मिळायची मारामार आणि तुम्ही पोटाच्या टेन्शनचं घेऊन बसलात.” हे म्हणणं खोटं नाही, सापाचं औषध आधी पाहिजे. पण आयबीएसनं माणूस मरत नाही हे जितकं खरं तितकंच हेही खरं की त्याच्यापायी घर रिकामं होतं. आमच्या एक लाख चाळीस हजारांत बंधूंची एक म्हैस गेली आणि सोसायटीचं कर्ज एक हंगाम थकलं. तेवढ्यात मानसोपचाराचे किती तास आले असते? आणि तो वाया गेलेला पैसा फक्त आमचा नव्हता, ज्या सरकारी दवाखान्यांत त्या तपासण्या पुन्हा पुन्हा झाल्या तिथली यंत्रं, तिथली माणसं, तिथला रांगेतला नंबरही वाया गेलाच की. सापाच्या रुग्णाची जागा त्यानंच अडवली.

दुसरी कमेंट येईल, “योगा करा, सकारात्मक राहा.” करा की. कुणाला गुण येत असेल तर उत्तमच. पण साखरेच्या रुग्णाला चालायला सांगताना त्याची गोळी काढून घेत नाहीत ना?

पोराचं पुढं काय झालं ते सांगतो. ओळखीतून पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा पत्ता लागला. फोनवर आठ भेटी, दर भेटीला हजार रुपये. पहिल्या भेटीत त्यांनी पोटाचं काहीच बरं करायचा प्रयत्न केला नाही म्हणे, नुसतं वहीत लिहायला लावलं. काय खाल्लं, कधी दुखलं, त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं. पंधरा दिवसांत त्याच्याच अक्षरात त्याला दिसलं की घरून निघायच्या आधी जेवढं दुखतं तेवढं गाडीत बसल्यावर दुखत नाही. मग पोटानं श्वास घ्यायचा सराव. मग एक-एक सोडलेली गोष्ट परत धरायची, लहानापासून. आधी नाष्टा करून दुकानात यायचं. मग नाष्टा करून जेऊरपर्यंत एसटीनं जाऊन परत यायचं, काही काम नसताना. मग दारापासून लांबची सीट. मग एका लग्नात पंगतीत बसायचं. प्रत्येक वेळी ‘आता होणार, आता फजिती होणार’ हा विचार आला की त्याला विचारायचं, याआधी किती वेळा खरंच झाली? चार वर्षांत मोजून एकदा झाली होती.

बरा झाला का? मुरडा अजून येतो. पूर्वी आठवड्यात पाच दिवस होता, आता एक-दोन. पण गेल्या महिन्यात दुकानाच्या कामाला एकटा सोलापूरला जाऊन आला, आणि मधल्या सीटवर बसून गेलो म्हणून मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या फोनचं मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही.

आठ हजार रुपये. आमच्याकडे होते, ओळख होती, पोरगं शिकलेलं होतं. आमच्या दुकानात येणाऱ्या त्या कंदरकडच्या बाईकडे यातलं काय आहे? केळीच्या बागेत मजुरी करते, पोटाच्या कळा धरून वाकून काम करते, आणि कामावर संडासची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. तिला कुणी सांगितलंय, मनाचं आहे म्हणून.

म्हणून आता मागणी करतोय. माहितीच्या अधिकारात जिल्ह्याला विचारतोय की मानसिक आरोग्य पथक करमाळ्याला महिन्यातून किती दिवस येतं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद भरलेलं आहे की कसं, आणि पोटाच्या तक्रारीवरून किती रुग्ण त्यांच्याकडे गेल्या वर्षात पाठवले गेले. आणि रुग्ण कल्याण समितीला वेगळा अर्ज: उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेला अर्धा दिवस अशा रुग्णांसाठी ठेवा, पडदा लावलेली एक खोली द्या जिथं बाईला सासूशिवाय बोलता येईल, आणि पुढच्या भेटी फोनवर द्या म्हणजे गाडीभाडं वाचेल. आणि एसटी स्टँडवरचं संडास चोवीस तास उघडं आणि स्वच्छ ठेवा, ही मागणीही त्याच अर्जात घातलीय. कुणी म्हणेल संबंध काय. ज्याला संबंध कळत नाही त्याचं पोट चांगलं आहे, एवढंच मी म्हणेन.

अर्ज पुतण्यानंच टाईप केलाय. दोन प्रती दुकानाच्या काउंटरवर ठेवल्यात, सोमवारी द्यायच्या आहेत. तोवर ज्यांना सही करायची त्यांनी येऊन करा. काय त्रास आहे ते लिहायची लाज वाटत असेल तर नुसती सही चालेल.